युद्ध कोणाचे, महागाई कोणाची?



ज्या युद्धाविषयी मी आज बोलणार आहे, ते संपल्यानंतर पाव शतकाने माझा जन्म झाला. तेव्हा त्याच्या आठवणी सांगण्याचा अधिकार या माणसाला कोठून मिळाला, असा प्रश्न तुमच्यापैकी कुणाच्या मनात आला तर तो रास्तच म्हणावा लागेल. या आठवणी माझ्या डोळ्यांच्या नाहीत, कानांच्या आहेत. १९९३-९४च्या सुमारास मी भिवंडीत यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचे काम करू लागलो, तेव्हा आमच्या कचेरीच्या बाकड्यावर तीन वृद्ध गृहस्थ संध्याकाळी येऊन बसत. एक रत्नागिरीकडचे, परळच्या गिरणीत साचे चालवून निवृत्त झालेले, लाल बावट्याचे जुने सभासद. मुलगा भिवंडीत मागावर लागला म्हणून त्याच्याबरोबर आलेले. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. दुसरे मुरबाडकडचे शेतकरी, पुढे येथे कापडाच्या गोदामात हमाली केलेले, ते दादा. तिसरे पिढीजात विणकर, मोमीन, ज्यांचे पूर्वज १८५७च्या धामधुमीनंतर उत्तरेकडून येथे आले, ते चाचा. तिघांचा स्नेह मोठा होता. परंतु बेचाळीस साल निघाले की बाकडे तापे.

दादा म्हणत, "आम्ही वीज तोडत होतो आणि तुम्ही गिरणी चालवीत होता." अण्णा म्हणत, "हिटलर आणि जपान जिंकले असते तर तुमचा डोंगर तुमचा राहिला असता का?" मग दादा गप्प बसत नसत आणि अण्णाही नसत. चाचा मात्र दोघांना एकच प्रश्न विचारीत. "वो सब ठीक है, लेकिन सूत कहाँ गया, ये बताओ."

मी हा वाद काही वर्षे ऐकला. पुढे तो समजून घेण्यासाठी जुनी वृत्तपत्रे, अहवाल, चरित्रे वाचू लागलो. वाचताना माझे असे मत बनत गेले की, अण्णा आणि दादा यांचा प्रश्न मोठा होता, परंतु चाचांचा प्रश्न अधिक मुळातला होता. युद्ध कोणाचे, यावर महाराष्ट्रात जितके भांडण झाले तितके दुसऱ्या कशावर क्वचितच झाले असेल. त्या युद्धाची महागाई कोणी सोसली, यावर मात्र भांडण लवकरच थांबले. आणि आपल्या चळवळीचे बरेचसे नुकसान त्या थांबण्यात आहे.

युद्ध आणि मजुरी यांचा संबंध तसा जुना आहे. 'बोनस' हा शब्द गिरणगावात रुळला तो पहिल्या महायुद्धात. १९१७ पासून मुंबईच्या गिरण्यांनी युद्धातल्या नफ्यातून बोनस दिला, कामगारांनी तो पगाराचाच भाग मानला, आणि १९२३चा बोनस मालकांनी नाकारला तेव्हा १९२४च्या आरंभी मोठा संप झाला. युद्ध संपते, महागाई मागे राहते, आणि युद्धकाळातली सवलत मात्र काढून घेतली जाते, हा धडा गिरणी कामगाराने तेव्हाच घेतला होता.

म्हणूनच ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानातल्या एकाही प्रतिनिधीला न विचारता हा देश युद्धात असल्याचे जाहीर केले, तेव्हा मुंबईच्या कामगाराने वाट पाहिली नाही. महिनाही लोटला नव्हता, २ ऑक्टोबर १९३९ रोजी गिरणगावात युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. नव्वद हजारांच्या आसपास कामगार त्यात होते, असे त्या चळवळीतल्या नोंदी सांगतात. काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळे, खेरांचे मुंबईचे मंत्रिमंडळही त्यात आले, त्यानंतर राजीनामे देऊन बाहेर पडली. आणि धान्य, कापड, रॉकेल यांचे भाव चढू लागले.

पुढचा संप राजकीय नव्हता, भाताचा होता. १९४०च्या मार्चमध्ये मुंबईच्या दीड लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी काम बंद केले. सरकारने नेमलेल्या तडजोड मंडळाने सुचविलेला भत्ता कामगारांना अपुरा वाटला होता. संप सुमारे चाळीस दिवस चालला. पुढारी धडाधड पकडले गेले. डांग्यांसह अनेकांना पुढे राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. संप जिंकला असे म्हणता येणार नाही. परंतु महागाई वाढली तर मजुरी आपोआप वाढली पाहिजे, हे तत्त्व त्याने पुढे आणले, आणि युद्ध संपण्यापूर्वीच मुंबईच्या गिरण्यांत भत्ता राहणीखर्चाच्या निर्देशांकाला जोडला गेला. अण्णांसारख्या माणसाच्या हातात पुढली चाळीस वर्षे जो पगार पडला, त्यात मूळ पगाराहून भत्ता मोठा असे. मला विचाराल तर दुसऱ्या महायुद्धातली मुंबईच्या कामगाराची खरी लढाई ही होती. तिचा पोवाडा कुणी फारसा गात नाही.

आता वादाच्या जागेकडे येतो.

२२ जून १९४१ रोजी हिटलरच्या फौजा सोव्हिएत रशियात घुसल्या. कम्युनिस्ट पक्षाने लगेच भूमिका बदलली, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. जवळजवळ सहा महिने पक्ष जुन्याच भूमिकेवर होता. बाहेरचे आणि देवळीतले यांच्यात वाद झाला, आणि डिसेंबर १९४१ मध्ये हे आता साम्राज्यवाद्यांचे युद्ध राहिलेले नसून जनतेचे युद्ध झाले आहे, असा निर्णय झाला. जुलै १९४२ मध्ये सरकारने पक्षावरील बंदी उठवली. पक्षाच्या मराठी साप्ताहिकाचे नावच 'लोकयुद्ध' होते. अण्णाभाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पवाडा रचला तो याच काळात, आणि डफावर थाप पडली की चाळीतली माणसे गॅलरीत येऊन उभी राहत, असे आमचे अण्णा सांगत.

ही भूमिका ज्यांनी घेतली ते भाडोत्री होते असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले होते. एप्रिलमध्ये कोलंबोवर आणि विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले, आणि मुंबईतून बायकामुले बोटींनी कोकणात जाऊ लागली. फॅसिझमचा धोका कल्पनेतला नव्हता. स्टालिनग्राड पडले असते तर जगाचे काय झाले असते, हा विचार परळच्या खोलीत बसून एक साचेवाला करीत होता, याचा मला अभिमानच वाटतो.

आणि भूमिका बदलणारे ते एकटे नव्हते. मानवेंद्रनाथ रॉय आरंभापासूनच युद्धाच्या बाजूने होते. त्यांच्या अनुयायांनी काढलेल्या इंडियन फेडरेशन ऑफ लेबरला सरकारकडून दरमहा १३,००० रुपये मिळत. सावरकर हिंदू तरुणांना सैन्यात जाण्यास सांगत होते. डॉ. आंबेडकर जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली होती, आणि ज्या तरुणाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते त्याला तेथे गणवेश आणि बंदूक मिळाली. त्याला "हे युद्ध तुझे नाही" असे सांगायला जाणाऱ्याने आधी त्याची विहीर मोकळी करून द्यायला हवी होती. केवळ चार वर्षांपूर्वी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, मुंबई सरकारच्या औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून संपात उतरले होते. युद्धाने ती फळी पांगविली.

त्यात ८ ऑगस्ट १९४२ उजाडला. गवालिया टँकवरची सभा, दुसऱ्या दिवशीची धरपकड, हे तुम्हांस ठाऊक आहे. मी त्यात जात नाही. कामगारांचे काय झाले एवढेच पाहू. अहमदाबादच्या गिरण्या तीन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिल्या. त्या बंदला मालकांचीही मूक संमती होती, हे विसरून चालणार नाही. मुंबईच्या गिरण्या थोडे दिवस अर्ध्यामुर्ध्या बंद राहिल्या आणि पुन्हा भोंगे वाजू लागले. लाल बावट्याचे कार्यकर्ते दारावर उभे राहून सांगत होते की उत्पादन थांबवू नका, ते थांबले तर फॅसिस्टांचे फावेल. आमचे अण्णा त्या कार्यकर्त्यांत होते. जमावातून "दलाल" अशी हाक आली आणि हाक मारणारा त्यांच्याच खोलीत राहणारा होता, हे सांगताना पन्नास वर्षांनंतरही त्यांचा आवाज बदलत असे.

आणि त्याच पावसाळ्यानंतर आपल्या जिल्ह्याच्या डोंगरांत दुसरीच गोष्ट घडत होती. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच भाई कोतवाल, न्हावी समाजातले. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा आणि अडल्या कुळासाठी धान्यकोठ्या चालविणारे. त्यांनी कर्जत-मुरबाडच्या रानात तरुणांचा आझाद दस्ता उभा केला. या दस्त्याने काय तोडले ते लक्षात घ्या. घाटातल्या टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे त्याने पाडले. ही वीज कोठे जात होती? मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला. म्हणजे एकीकडे परळच्या दारावर एक प्रामाणिक मनुष्य गिरणी चालू ठेवण्यासाठी शिव्या खात होता, आणि दुसरीकडे तीच गिरणी थांबावी म्हणून तितकाच प्रामाणिक मनुष्य रात्री मनोऱ्याचा पाय कापत होता. २ जानेवारी १९४३च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तेथे मारले गेले. आमच्या दादांच्या वडिलांनी दस्त्याला भाकऱ्या पोचविल्या होत्या. दादा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे; भाकरीचे गाठोडे त्यांच्या डोक्यावर असे.

यांत चूक कोण? माझ्या आधीच्या पिढीत हा प्रश्न विचारला की माणूस कोणत्या पक्षाचा ते कळे. माझे मत मी स्पष्टच सांगतो. जगाचा नकाशा पाहण्यात अण्णांचा पक्ष बरोबर होता. गुलाम देशाला स्वतःच्या नावाने उठण्याचा हक्क आहे आणि तो योग्य वेळेची वाट पाहत नाही, हे समजण्यात दादांचे लोक बरोबर होते. परंतु फॅसिझमचा पराभव व्हावा असे वाटणे वेगळे आणि त्यासाठी संपाचे हत्यार स्वतःहून खाली ठेवणे वेगळे. पहिल्यावरून दुसरे निघत नव्हते. इंग्लंडात त्याच युद्धाच्या ऐन भरात खाणकामगारांनी संप केले. त्यांना कोणी हिटलरचे हस्तक ठरवून कायमचे वाळीत टाकले नाही. इकडे मालकाने हत्यार खाली ठेवले नव्हते. त्याच्या तीन पाळ्या चालू होत्या, जपानी कापडाची आयात बंद झाल्यामुळे बाजार मोकळा होता, आणि लष्कराची मागणी कधी न संपणारी होती. त्या वर्षांतला नफा गिरण्यांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता. कामगाराचे काय झाले, हे पुढे अभ्यासकांनी हिशेब करून दाखविले आहे: १९३९ सालची कारखान्यातील कामगाराची खरी मिळकत १०० धरली, तर १९४३ साली ती ६७ वर आली होती. म्हणजे भत्ता मिळूनही ताटातली तिसरी भाकर गेली. ज्या वर्षी ती गेली, त्याच वर्षी संप करणे गैर, असे त्याचा स्वतःचा बावटा त्याला सांगत होता.

दुसऱ्या बाजूलाही मी सोडणार नाही. बेचाळीसच्या चळवळीने रेल्वेचे रूळ उखडले, टपालकचेऱ्या जाळल्या, परंतु गिरणी कामगाराच्या भत्त्याबद्दल, त्याच्या रेशनबद्दल तिच्यापाशी सांगण्यासारखे फार थोडे होते. साताऱ्याच्या प्रतिसरकारने सावकार आणि काळाबाजारवाले यांना वठणीवर आणले, हा मोठाच अपवाद. म्हणून तर नाना पाटलांचे नाव गिरणगावातल्या साताऱ्याच्या माणसाच्या तोंडी राहिले. एरवी शहरातल्या माणसाला बेचाळीसने देश दिला, भाव दिला नाही.

पिछाडीवरचे दिवस कसे होते ते आता सांगितले पाहिजे. ब्रह्मदेश पडल्याबरोबर तेथला तांदूळ बंद झाला. कोकणातल्या माणसाला भाताशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही. त्याच्या पुढ्यात बाजरी आणि गहू आले. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. अण्णा म्हणत, रांगेत उभे राहायला घरात एक माणूस जास्त हवे असे वाटे, आणि जेवायला एक कमी. त्याच वर्षी बंगालात लाखो माणसे भुकेने मेली. गिरणगावात त्यांच्यासाठी झोळ्या फिरल्या आणि अर्ध्या पोटाच्या माणसांनी त्यांत पैसे टाकले. येथे लाल बावट्याच्या लोकांनी केलेले काम मी हात जोडून मान्य करतो. साठेबाज शोधणे, रेशनच्या दुकानावर नजर ठेवणे, स्त्रियांना रांगेत न्याय मिळवून देणे हे त्यांनी घरोघर जाऊन केले. संपाचा हात बांधून घेतलेला मनुष्य दुसऱ्या हाताने जेवढे करू शकतो तेवढे त्यांनी केले.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' नावाची बोट फुटली. तिच्या पोटात दारूगोळा होता आणि त्याच पोटात कापसाच्या गाठी होत्या. शेकडो माणसे गेली. आग विझविताना ६६ अग्निशामक जवान गेले. आघाडी कितीही दूर असली तरी ती कापसाला लागून आपल्या घरापर्यंत येते, ते त्या दिवशी दिसले.

आणि आपल्या भिवंडीत? येथे चाचांचा प्रश्न येतो. भिवंडी त्या काळी हातमागाचे गाव होते. वीज आल्यानंतर १९३०च्या आसपास थोडे यंत्रमाग आले होते. हातमाग असो की यंत्रमाग, सूत गिरणीकडूनच घ्यावे लागे. युद्धात गिरण्यांनी स्वतःचे सूत स्वतःच्याच साच्यांवर लावले, उरलेल्याचा भाव गगनाला भिडला, आणि विणकराचा माग रिकामा पडला. १९४३च्या जूनमध्ये सरकारने कापड आणि सूत यांच्या नियंत्रणाचा हुकूम काढला; त्याच वर्षी मुंबईत टेक्स्टाइल कमिशनरचे कार्यालय निघाले. कापडाच्या ताग्यावर भाव छापला जाऊ लागला. गरिबांसाठी म्हणून 'स्टँडर्ड' कापड आले. हुकूम चांगला होता. परंतु ज्याच्यापाशी परमिट त्याच्यापाशी सूत, आणि परमिट मिळते ते मागावर बसणाऱ्याला नव्हे, दुकानात बसणाऱ्याला. चाचा सांगत की, त्यांचे वडील ताणा लावून बाण्यासाठी आठ-आठ दिवस थांबत, आणि तेच सूत अंधार पडल्यावर दुप्पट भावाने दारावर विकायला येई. मोहल्ल्यात मयत झाली तर कफनाचे कापड उसने आणावे लागे. कापड विणणाऱ्यांच्या गावात! चाचांच्या घरी कुणी लोकयुद्धाची बाजू घेतली नव्हती, कुणी 'चले जाव'ची घोषणाही दिली नव्हती. बाण्याची वाट पाहण्यात त्यांचे युद्ध गेले. इतिहासाच्या पुस्तकांत अशा माणसाला 'उदासीन' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही.

युद्धाने आणखी एक गोष्ट मागे ठेवली, ती म्हणजे कायदा. भारत संरक्षण नियमांत १९४२ साली ८१-अ हे कलम घातले गेले. सरकारने संपाला बंदी करावी, तंटा लवादाकडे सोपवावा आणि लवादाचा निवाडा दोघांवर बंधनकारक करावा, असा त्याचा अर्थ. चौदा दिवसांच्या नोटिशीशिवाय संप बेकायदा ठरला. युद्ध संपले, नियम गेले, आणि त्यांचा गाभा १९४७च्या औद्योगिक कलह कायद्यात येऊन बसला. पुढे पाऊणशे वर्षे आम्ही कामगार आयुक्तांच्या दारात ज्या तारखा घेतल्या त्यांचे मूळ तेथे आहे. याच काळात, ऑगस्ट १९४२ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी सरकार, मालक आणि मजूर यांची त्रिपक्षीय परिषद भरविली. कामगाराला सरकारी टेबलाभोवती खुर्ची मिळाली ती तेव्हा. कारखान्यातला आठवडा ४८ तासांचा करणारी १९४६ची दुरुस्तीही त्यांच्याच खात्यातून आली. पण त्याच खात्याने १९४३ साली कोळशाच्या गरजेपोटी स्त्रियांना पुन्हा खाणीच्या पोटात उतरण्याची परवानगी दिली होती, हेही नोंदले पाहिजे. युद्ध एका हाताने देते तेव्हा दुसऱ्या हाताकडे लक्ष ठेवावे लागते.

युद्ध संपताना कोंडलेली वाफ बाहेर आली. आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उंबरगाव-डहाणूत, १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली. फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिक उठले, आणि २२ फेब्रुवारीला मुंबईच्या कामगाराने त्यांच्यासाठी काम बंद केले. काँग्रेस आणि लीग या दोन्ही पक्षांच्या श्रेष्ठींनी नको म्हटले होते. हाक लाल बावट्याची होती. गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. परळला कमल दोंदे मारल्या गेल्या. त्या दिवशी अण्णांना दलाल म्हणणारा खोलीतला माणूस त्यांच्या शेजारी रस्त्यावर होता. बेचाळीसचा हिशेब तेथेच मिटायला हवा होता.

तो मिटला नाही, आणि मला सर्वात जास्त बोलायचे आहे ते याबद्दल. १९४७ साली काँग्रेसच्या मंडळींनी इंटक ही वेगळी मध्यवर्ती संघटना काढली. कम्युनिस्ट देशाच्या लढ्यात आडवे आले, हे त्या फुटीचे एक मोठे समर्थन होते. समाजवाद्यांनी १९४८ साली हिंद मजदूर सभा काढली. गंमत पाहा, तिच्यात बेचाळीसचे भूमिगत आणि दरमहा १३,००० रुपये घेणारे रॉयवादी फेडरेशन एकत्र आले! म्हणजे जुळवून घ्यायचे असेल तर युद्धातली भूमिका आड येत नाही. मुंबईत १९४६चा औद्योगिक संबंध कायदा आला, आणि त्याने एका उद्योगात बोलणी करण्याचा हक्क एकाच 'प्रातिनिधिक' संघटनेला दिला. गिरण्यांत तो इंटकच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. १९५० साली समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी दोन महिने संप केला, तो या भिंतीवर आपटला. कामगाराच्या मनात कोण आहे याला किंमत उरली नाही, कागदावर कोण आहे त्याला उरली.

पुढारी मात्र एकत्र येऊ शकत होते. बेचाळीसमध्ये इमाम अली नावाने भूमिगत वावरलेले एस. एम. जोशी आणि लोकयुद्धवाल्यांचे डांगे १९५६ साली संयुक्त महाराष्ट्र समितीत एका व्यासपीठावर बसले. प्रतिसरकारचे नाना पाटील १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेवर गेले, ते कम्युनिस्ट पक्षाकडून. भाषेच्या राज्यासाठी जे जमले ते मजुरीसाठी का जमले नाही, असे मी अण्णांना विचारी. ते म्हणत, "राज्याच्या सभेला वर्गणी नसते. युनियनला पावतीबुक असते." यात थोडा विनोद होता आणि बरेच सत्य होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, तेव्हा त्या प्रातिनिधिक संघटनेचा कायदा रद्द करा ही त्यांची एक मुख्य मागणी होती. मी तेव्हा शाळेत होतो. संप चालू असताना गिरण्यांचे कापड कोठे विणले जात होते, हे भिवंडीकरांना सांगायला नको. ते आपल्या मागांवर विणले जात होते, आणि त्याच्यावर गिरणीचा छाप पडत होता. मुंबईच्या गिरणीत दोनदोन पिढ्यांनी मिळविलेले सारे, भत्ता, बोनस, रजा, आठ तासांची पाळी, भिवंडीच्या छपराखाली नव्हते, म्हणूनच येथले कापड स्वस्त पडत होते. मुंबईचा संप मोडायला येथला कामगार दुष्ट असण्याची गरज नव्हती. तो भत्त्याविना असणे पुरेसे होते.

आणि तो आजही तसाच आहे. उत्तर प्रदेशातून, बिहारातून, तेलंगणातून आलेला माणूस बारा-बारा तास चार, सहा, आठ माग पाहतो, आणि मजुरी मिळते ती विणलेल्या मीटरवर. वीज गेली, बीम संपले, धागा खराब आला, तर ते तास त्याचे. किमान वेतनाच्या कायद्यात निर्देशांकाला जोडलेला विशेष भत्ता आहे आणि तो सहा-सहा महिन्यांनी बदलतो; पण तो मीटरच्या दरात कसा बसवायचा याचे उत्तर फारच थोड्या कारखान्यांत सापडते. बहुतेक ठिकाणी हजेरीपुस्तकच नसते, मग भत्ता कशावर मोजणार?

तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात मी अलीकडे १९४०च्या संपाची गोष्ट आधी सांगतो आणि १९४२ची नंतर. काही जुन्या मित्रांना हा क्रम आवडत नाही. युद्ध आणि स्वातंत्र्य सोडून हा भत्त्याचे काय घेऊन बसला, असे त्यांना वाटते. मी त्यांना चाचांचा प्रश्न सांगतो. दर वाढवून मागायला जाताना आम्ही आता निर्देशांकाचा तक्ता बरोबर नेतो. मालक सुताच्या भावाचा तक्ता पुढे करतात आणि सूत महागले म्हणतात. ते खोटे नसते. सूत महागले की ताग्याचा भाव त्याच आठवड्यात चढतो. मीटरचा दर मात्र दोन-दोन, तीन-तीन दिवाळ्या हलत नाही.